हनुवटी नसलेला माणूस

खळदकर सरांनी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवलं आणि हात मागे बांधून उभे राहिले.

“उघड,” ते म्हणाले. “पण जपून. फार म्हातारा माणूस आहे.”

मी घासायला घेतलेली कवळी बाजूला ठेवली, हाताची गुलाबी भुकटी फडक्याला पुसली आणि टॉवेल उघडला. आत खालचा जबडा होता. अंगावर चुन्याचे पापुद्रे चढलेले, मधूनमधून तांबूस डाग, एका कडेला वाळून काळं पडलेलं शेवाळ. सहा दात जागेवर होते, बाकीच्या जागा रिकाम्या. पुढचा एक दात निम्मा तुटलेला आणि शेजारच्याच्या अंगावर रेललेला.

“तुला दातांतलं कळतं, नलू. सांग बघू, हा काय खात असेल?”

मी बघितलं. कोण ते सांगता आलं नसतं, पण हा माणूस काय खात होता ते मला नीट ठाऊक होतं. दूधपोहे, शिरा आणि ताकात कालवलेली भाकरी. एकादशीला रताळ्याचा कीस.

“कंदमुळं खात असेल,” मी म्हणाले.

“शाब्बास!” सरांनी लगेच वहीत लिहून घेतलं.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होऊन गेली. आमचं कोळनेर गोदावरीच्या काठी, तालुक्याचं गाव, आणि बाजारपेठेत आमचं दुकान ‘विसपुते कवळीवाले’. आप्पा, म्हणजे माझे वडील, जातीचे सोनार. दातांना सोन्याच्या टोप्या बसवता बसवता ते कवळ्या करायला लागले आणि पंचक्रोशीतले म्हातारे पुन्हा दाणे खायला लागले. पुढे आप्पांचे हात थरथरू लागले आणि काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा बावीस वर्षांची. पोरीसमोर तोंड कोण उघडणार? चार महिने आमच्या खुर्चीवर मांजर झोपत होतं. मग एका गुरुवारी शाळेतले भूगोलाचे खळदकर सर आत आले, मांजराला उठवून स्वतः बसले आणि म्हणाले, “माझा खालचा पुढचा दात पडलाय. मोसमी वारे शिकवताना शिट्टी वाजते, वर्ग हसतो. घे माप.” दात बसल्यावर ते भर बाजारात प्रत्येकाला खालचा ओठ ओढून दाखवत फिरले, “नलूने केलाय!” दुसऱ्या दिवसापासून मांजराला जागा उरली नाही. मी आज जी काही आहे ती त्या शिट्टीमुळे आहे.

तर अशा सरांना मी काय सांगणार होते? की सर, हा जबडा माणसाचा नाही, आमच्या दुकानातला आहे?

कवळी करायची म्हणजे आधी मेणात माप घ्यायचं, मग त्या मापात मसाला ओतून गिऱ्हाइकाच्या तोंडाची हुबेहूब नक्कल काढायची. तिला आम्ही दुकानात जबडाच म्हणतो. गिऱ्हाइकाला तो कधी दिसत नाही. आप्पांचा मसाला त्यांचा स्वतःचा होता, प्लास्टरमध्ये पांढरं सिमेंट आणि वस्त्रगाळ केलेली दगडाची भुकटी. फळीवरून पडला तरी फुटत नसे. कवळी मोडली की दुरुस्तीला लागतो म्हणून माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा जबडा फळीवर राही. माणूस गेला की त्याच्या दहाव्याला, घाटावरची मंडळी घरी परतली की आप्पा एकटे जाऊन तो डोहात सोडत. “मेलेल्याचं तोंड फळीवर ठेवू नये,” म्हणत. इतक्या वर्षांत किती सोडले असतील, देव जाणे. त्या वर्षी दुष्काळ पडला, डोह कधी नव्हे इतका आटला, आणि रविवारी हातोडी-पिशवी घेऊन नदीकाठ पालथा घालणारे खळदकर सर तिथे पोचले.

“कुठे सापडला माहितीय? गोट्यांच्या थरात रुतलेला. आणि शेजारी हा!” त्यांनी खिशातून मुठीएवढा दगडी दात काढला. “रानगव्याचा. पन्नास हजार वर्षांपूर्वीचा तरी असेल. म्हणजे हाही तेवढाच जुना. आता नीट बघ. याला हनुवटी आहे?”

“नाही,” मी म्हणाले. कशी असणार? मसाला हनुवटीपर्यंत कोण ओततं?

“हनुवटी फक्त आपल्याला असते, नलू. आपल्या आधीच्या माणसांना नव्हती. आणि इथे बघ, दोन्ही बाजूंच्या मधे सगळं हाड भरलेलं. जिभेला जागाच नाही. याचा अर्थ काय?”

“काय?”

“याला बोलता येत नव्हतं!” सरांनी जबडा उलटा केला. “आणि तरीही, तरीही खाली बघ. तीन रेघा आणि एक भोक. गारगोटीने कोरलेल्या. तो मोजत होता, नलू. बोलायला येण्याआधी माणूस तीनपर्यंत मोजत होता.”

तीन रेघा आणि एक भोक ही आप्पांनी घातलेली खूण होती. दात बसवल्याचं लोक लपवतात म्हणून जबड्यावर नाव कधीच नसे. कुणाची कुठली खूण ते फक्त आप्पांना ठाऊक.

आप्पा दुकानाच्या आतल्या बाजूला खाटेवर बसले होते. त्यांनी मान लांब करून टेबलाकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे तोंड फिरवलं. सर जाईपर्यंत ते भिंतच बघत होते.

“कोण आहे?” सर गेल्यावर मी विचारलं.

“तात्याबुवा ठोंबरे.”

तात्याबुवा म्हणजे जिल्ह्यातले नावाजलेले कीर्तनकार. एकदा उभे राहिले की चार तास जिभेला विसावा नाही. अकरा वर्षांपूर्वी चौऱ्याऐंशीव्या वर्षी गेले, आणि गेले तेव्हा तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात होते अशी ख्याती. त्यांचे चिरंजीव गहिनीनाथबुवा आता गादी चालवत होते आणि प्रत्येक कीर्तनात त्या बत्तीस दातांचा दाखला देत होते. बाभळीची काडी आणि खरं बोलणं, एवढ्यावर म्हणे बापाचे दात टिकले.

“आप्पा, सरांना सांगायला पाहिजे.”

“काय सांगशील? बुवांनी माझ्याकडनं शपथ घेतलीय. बायकोला म्हाईत नव्हतं त्यांच्या. मागल्या दारानं यायचे, डोक्यावरनं घोंगडी घेऊन.”

“ते गेले की आता.”

“म्हणून तर,” आप्पा म्हणाले. “जित्या माणसाची शपथ एक वेळ मोडता येती. त्याची परवानगी तरी मागता येती.”

“आणि सरांचं काय? ते पुण्याला कळवणार आहेत.”

सरांचं पुण्याशी काय होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तिथल्या विद्वानांना डायनासोरचं अंडं म्हणून एक गोटा पाठवला होता. तो सोबत चिठ्ठी घेऊन टपालाने परत आला. घासून गुळगुळीत झालेला जुना खलबत्त्याचा बत्ता होता, मूठ तुटलेला. तेव्हापासून पोरं त्यांना अंडेवाले सर म्हणत. मे महिन्यात सर निवृत्त होणार होते, आणि निरोपसमारंभात अंड्याचा विषय निघू नये एवढीच त्यांची इच्छा होती. आता ते जगातला पहिला मोजणारा माणूस घेऊन निघाले होते.

दुसऱ्या दिवशी मी मधल्या सुट्टीत शाळेत गेले. सर भूगोलाच्या खोलीत जबड्याला टूथब्रशने साफ करत होते.

“सर, हा नवा असला तर?”

“नवा म्हणजे?”

“म्हणजे… हल्लीचा. मला तर हा ओतीव वाटतो.”

“वाटणारच! जुनी हाडं दगड होतात, तेव्हा अशीच दिसतात. तुझी नजर तयार आहे, नलू, फक्त वाचन कमी पडतं.” त्यांनी मला एक पुस्तक दिलं. “आणि काल लगेच पुण्याला ट्रंककॉल लावला बरं का. मंगळवारी पुण्याची माणसं येतायत. दोघं. स्वतःच्या जीपने! त्याआधी रविवारी वाचनालयात माझं भाषण आहे, ‘माणूस कुठून आला?’ समोर कोण माहितीय? गहिनीनाथबुवा!”

ते फार आनंदात होते. मी पुस्तक छातीशी धरून घरी आले. सांगावं तर मेलेल्याची अब्रू जाते, न सांगावं तर जिवंताची. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

रविवारी चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. माकड या विषयावर गावाला मत नाही असं कधी झालंच नव्हतं. व्यासपीठावर लाल फडक्यावर जबडा ठेवला होता. एका बाजूला सर, इस्त्रीचा सदरा, हातात छडी. दुसऱ्या बाजूला गहिनीनाथबुवा, फेटा, उपरणं, कपाळाला बुक्का. त्यांचे टाळकरी सवयीने टाळ गळ्यात घालूनच पहिल्या रांगेत बसले होते. मी बायकांच्या बाजूला कडेला बसले, मधली वाट सोडून शेजारी आप्पा.

सर छान बोलले. हनुवटी, जीभ, तीन रेघा. “हा बोलू शकत नव्हता,” ते म्हणाले, “एक शब्दसुद्धा नाही. पण हा तुमचा-माझा पूर्वज आहे.”

बुवा उठले. त्यांना माईकची गरज नव्हती, तरी त्यांनी तो घेतला.

“याला जीभ नव्हती म्हणता. मग यानं देवाचं नाव कसं घेतलं?”

“नाही घेतलं, बुवा. याच्या नातवंडांच्या नातवंडांनी घेतलं.”

“ज्याच्या मुखी नाम नाही तो माझा पूर्वज?” बुवांनी सभेकडे वळून विचारलं. टाळकऱ्यांनी एकदा टाळ वाजवले. “मंडळी, माझ्या वडलांचं तोंड तुम्ही पाहिलंय. चौऱ्याऐंशीव्या वर्षी बत्तीस दात! सरस्वती नांदत होती त्या तोंडात. आणि हे बघा, ह्ये! किडकं, मुकं, सहा दातांचं! या असल्या तोंडाशी आमच्या घराण्याचं नातं जोडता? अंडेवाले सर, लाज वाटू द्या!”

सभा खदखदून हसली. मागच्या बाकांवरून कुणीतरी कोंबडीसारखं ओरडलं. सर उभेच होते. त्यांनी छडी दोन्ही हातांत धरली होती आणि ती वाकत चालली होती. चार महिने रिकामी असलेली आमच्या दुकानातली ती खुर्ची माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि मी उभी राहिले. आप्पांनी माझा पदर धरला. त्यांच्या हाताची थरथर पदरातून खांद्यापर्यंत आली.

मी कुणाचंच नाव घेणार नव्हते. मी एवढंच म्हणाले, “बुवा, लांबून कशाला बोलता? हातात घेऊन बघा ना एकदा.”

“हो, हो! बघा, अवश्य बघा,” सर म्हणाले. “नलू, बरोबर बोललीस. फक्त जपून हं, बुवा.”

बुवांनी दोन बोटांनी, नाक मुरडून, जबडा उचलला. खिडकीच्या उजेडात धरला. पुढे टोला हाणायला त्यांचं तोंड उघडलेलंच होतं, ते तसंच राहिलं. त्यांचा अंगठा त्या निम्म्या तुटलेल्या दातावर गेला आणि तिथेच थांबला. मग हळूहळू फिरला, रेललेल्या बाजूने, पुन्हा पुन्हा. माईक कुंई करत होता. बुवांनी जबडा दोन्ही तळहातांत घेतला.

आप्पांनी माझा पदर सोडला.

“सर,” बुवा म्हणाले, आणि त्यांचा तो खणखणीत आवाज एवढासा झाला. “मी हरलो.”

पहिल्या रांगेतल्या वडीलधाऱ्या टाळकऱ्याने घाबरून विचारलं, “म्हंजी, बुवा? माकड?”

“माकड,” बुवा म्हणाले. “तुझाबी आज्जा माकड, माझाबी. खाली बस.”

तो बसला. बुवांनी उपरणं काढून जबडा त्यात गुंडाळला. “सर, एक मागणं आहे. हा मला द्या. कुणी का असेना, मेलेलं माणूस आहे. असं चारचौघांत मांडून त्याचे दात मोजू नयेत.”

“अहो पण बुवा, मंगळवारी पुण्याची माणसं…”

बुवा वाकले आणि त्यांनी सरांच्या पायावर डोकं ठेवलं. जिल्हाभर ज्याच्या पाया लोक पडतात तो माणूस भूगोलाच्या मास्तरांच्या पाया पडला. सर “अहो, अहो” करत मागे सरकले, खुर्चीला अडखळले, आणि सावरेपर्यंत बुवा दाराबाहेर गेले होते.

टाळकऱ्यांना काय करावं सुचेना. बुवा चालायला लागले की टाळ वाजवायचे एवढंच त्यांना ठाऊक, म्हणून ते वाजवू लागले. मागे सगळं गाव निघालं. काही बायकांनी वाटेत हात जोडले, कुणाला ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. आणि सगळ्यांच्या मागून सर, हातात मोजपट्टी घेऊन पळत, “बुवा! निदान लांबी-रुंदी तरी! बुवा, दोनच मिनिटं!”

डोह आटला होता तरी त्याच्या मधला कोंड आटत नाही. त्याचा तळ कुणी पाहिलेला नाही. बुवा छातीएवढ्या पाण्यात गेले, उपरण्याची गाठ सोडली आणि हात खाली केले. मग त्यांनी तीन बुड्या मारल्या आणि ओल्या अंगाने, कुणाकडे न बघता, घरी निघून गेले.

लोक पांगले. सर घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले.

“गेला, नलू.”

“हो, सर.”

“पन्नास हजार वर्षं टिकला आणि एका दुपारी गेला.”

मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्हींची लाज वाटत होती. सर मोजपट्टी गुंडाळत राहिले. गुंडाळून झाल्यावर खिशात ठेवली.

“पण बुवा हरले,” ते म्हणाले.

“हो, सर.”

“सगळ्या गावासमोर. पुरावा नुसता हातात घेतला आणि पटलं त्यांना! तीस वर्षं शिकवतोय मी, नलू. असं कुणाला पटलेलं पहिल्यांदा पाहिलं.” आणि त्यांनी तो दात दाखवत, मीच केलेला, हसून माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी ठरवलं की यांना कधीच काही सांगायचं नाही.

मंगळवारी जीप आली. जबडा नव्हताच, तेव्हा सरांनी वहीतली चित्रं दाखवली. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघत चहा घेतला. मग त्यातल्या एकाचं लक्ष टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेल्या रानगव्याच्या दाताकडे गेलं. तो अस्सल होता. ते दोघे तीन दिवस राहिले, सरांनी दाखवलेला थर खणला आणि पोतंभर हाडं घेऊन गेले. पुढे आभाराचं पत्र आलं. निरोपसमारंभात मुख्याध्यापकांनी ते वाचून दाखवलं आणि अंड्याचं नाव कुणी काढलं नाही.

जीप आली त्याच आठवड्यात एका टळटळीत दुपारी आमचं मागलं दार वाजलं. गहिनीनाथबुवा होते. ते आप्पांच्या खाटेसमोर जमिनीवर बसले.

“मी सहा वर्षांचा होतो,” ते म्हणाले. “तालात अंग हललं आणि माझा टाळ तात्यांच्या तोंडावर बसला. दात तुटला. पण तात्यांनी अभंग सोडला नाही, रगत गिळत गिळत पुरा केला. घरी कुणाला सांगितलं नाही कशानं तुटला ते.” मग त्यांनी विचारलं, “बाकीचे कधी गेले?”

“साठीच्या आतच,” आप्पा म्हणाले.

“आणि मी गावोगाव बाभळीची काडी सांगत हिंडलो.” मग बुवांनी आ केला. आत उजवीकडे एकही दाढ नव्हती. “दोन वर्षं झाली, एका अंगानं खातोय. आप्पा, माप घ्या.”

आप्पांनी थरथरणारे हात वर करून दाखवले आणि माझ्याकडे बोट केलं. बुवांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि तोंड मोठं उघडलं. त्यानंतरच्या कीर्तनांत बाभळीची काडी आली नाही. मात्र मुक्या पूर्वजांचा एक दाखला ते सांगू लागले, तो ऐकून म्हाताऱ्या रडत असत.

सर ऐंशी वर्षं जगले. शेवटपर्यंत ज्याला त्याला त्या जबड्याची गोष्ट सांगायचे, आणि साक्षीला मला उभी करायचे. मी मान हलवायची.

ते गेले त्याच्या दहाव्या दिवशी मी फळीवरून त्यांचा जबडा काढला, माझ्या हातचा पहिला. आप्पांच्या पश्चात डोहावर जायचं काम माझंच होतं, आणि त्या डोहात मी तोवर कितीतरी जबडे सोडले होते. पण हा हातात घेऊन उलटा केला आणि मला चैन पडेना. हनुवटी नव्हती. जिभेची जागा मसाल्याने भरून गेली होती. कधी काळी पुन्हा दुष्काळ पडेल, पुन्हा कुणीतरी हातोडी-पिशवी घेऊन येईल आणि वहीत लिहील की याला बोलता येत नव्हतं.

मी दुकानाचं दार लावलं, कोरणी घेतली आणि जिभेची जागा मोकळी करायला बसले. ऐसपैस केली, त्यांना पुरेल एवढी. मग आप्पांचा मसाला कालवून खाली हनुवटी बसवली, मधोमध खळी असलेली, सरांची होती तशीच. त्यांनी आपला दात कधी लपवला नाही, म्हणून खूणही केली नाही. मसाला ओला होता तोवर खालच्या बाजूला टोकदार सळईने सरळ नाव लिहिलं, ‘खळदकर सर, भूगोल’. वाळायला दोन तास लागले. मग पदराखाली घेऊन नदीवर गेले आणि कोंडात सोडून आले.